घरून काम आणि टेबलाखालचा वॉकिंग पॅड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कर्वेनगरला राहते. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासणं हे माझं काम. आठवड्यातले चार दिवस ते घरून चालतं, एक दिवस खराडीच्या ऑफिसात जावं लागतं. तीन वर्षं झाली, माझ्या टेबलाखाली वॉकिंग पॅड आहे. सोसायटीत, नात्यात, ऑफिसात ज्याला हे कळतं तो काही ना काही विचारतोच. ते प्रश्न आणि त्यांची मी देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी डॉक्टर नाही. त्यामुळे जिथे डॉक्टरांना विचारायला हवं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

वॉकिंग पॅड म्हणजे ट्रेडमिलच ना?

जात तीच, काम वेगळं. पुढे मोटर आणि तिच्यावर फिरणारा पट्टा, एवढंच. धरायला दांडा नसतो, चढ करता येत नाही, वेग साधारण ताशी ६ किलोमीटरपर्यंत जातो. जाडी १०-१२ सेंटिमीटर असल्यामुळे पॅड टेबलाखाली मावतो आणि काम झालं की पलंगाखाली सरकवता येतो. वेग रिमोटने कमीजास्त करायचा. पळण्यासाठी तो नाही. पळायचंच असेल तर मोठी ट्रेडमिल घ्या किंवा मैदानावर जा.

पुण्यात राहून घरात कशाला चालायचं? तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. विचारणारा बरोबरच बोलत असतो. टेकडीला जाच. मी शनिवार-रविवार वेताळ टेकडीवर जाते. वर पोचल्यावर जो वारा लागतो, तो कुठलंही यंत्र देणार नाही. पॅड घेतला म्हणून टेकडी सोडली असं कुणी सांगितलं तर मी त्याला पॅड विकून टाकायला सांगेन.

पण टेकडी होते सकाळी तासभर. मग नऊला लॉगिन होतं आणि संध्याकाळी सातपर्यंत आपण खुर्चीत असतो. ऑफिसला रोज जायचे तेव्हा बसस्टॉपपर्यंत चालणं व्हायचं, नळस्टॉपला बस बदलायची, दोन जिने चढायचे, चहाला खाली उतरायचं, लांबच्या टोकाला बसणाऱ्या सहकाऱ्याकडे फाइल घेऊन जायचं. याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, म्हणून ते गेलं तेही कुणाला कळलं नाही. घरून काम सुरू झाल्यावर मी एकदा मोजलं: पलंगापासून टेबलापर्यंत अकरा पावलं. स्वयंपाकघर आणखी नऊ. डबा भरायचा नाही, बस पकडायची नाही. दिवसच्या दिवस त्या वीस पावलांत जात होता.

बसून राहण्याचा त्रास हा व्यायाम न करण्याच्या त्रासाहून वेगळा धरायचा असतो, हे मला फार उशिरा समजलं. याची एक जुनी गोष्ट आहे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. बस तीच, रस्ते तेच. एक जण दिवसभर बसून, दुसरा दिवसभर जिना चढउतार करून तिकिटं फाडणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. कंडक्टर काही कामानंतर व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांच्या कामातच हालचाल होती. आपल्या कामातून ती निघून गेली आहे आणि पॅड ती थोडीफार परत आणतो. माझ्या लेखी त्याचा उपयोग एवढाच, आणि तो पुरेसा मोठा आहे.

म्हणजे पॅडवर चाललं की व्यायाम झाला?

नाही. इथे स्वतःची फसवणूक करून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम हवा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी हवं. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप. काम करताना आपण ताशी दोन किलोमीटरने चालतो. त्या वेगात अख्खी आरती म्हणून होते. म्हणजे ती हलकी हालचाल झाली, मध्यम व्यायाम नव्हे.

त्याच सूचनांमध्ये एक दुसरं वाक्यही आहे: बसण्याचा वेळ कमी करा आणि त्या जागी कुठल्याही जोराची हालचाल आणा, हलकी असली तरी चालेल. पॅड येतो तो या वाक्यात. सूर्यनमस्कार, टेकडी, जिना, वजनं हे वेगळं खातं आहे. एका खात्यातले पैसे दुसऱ्यात दाखवू नयेत.

वजन किती उतरेल?

एकट्या पॅडने फारसं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे जेम्स लिव्हाइन यांनी चालता चालता काम करण्याच्या टेबलावर प्रयोग केले. २००७ साली त्यांनी दिलेले आकडे असे: बसून काम करताना तासाला ७२ कॅलरी, ताशी पावणेदोन किलोमीटरने चालत काम करताना १९१. पण ती सगळी माणसं स्थूल होती. ६० किलोच्या माणसाला फरक त्याहून कमी पडणार. तासाभराचं चालणं म्हणजे साधारण एक पोळी, असा हिशोब मी धरते. वर्षभरात त्याची बेरीज होते हे खरं, पण चालून आल्यावर चहाबरोबर चार बिस्किटं जास्त गेली तर बेरीज तिथेच संपते.

शुगरसाठी उपयोग होतो का?

माझ्या मते पॅड घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं दिसलं. त्यात आपल्या भारतीयांची ठेवण वेगळी: बारीक दिसलो तरी अंगात चरबी जास्त. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. ‘मी कुठे जाड आहे, मला कशाला हवं हे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा फोटो आठवायला सांगते.

जेवल्यानंतर रक्तातली साखर वाढते. चालताना पायांचे आणि मांड्यांचे मोठे स्नायू ती साखर ओढून घेतात, आणि स्नायू काम करत असले की त्यासाठी इन्सुलिनवर फार अवलंबून राहावं लागत नाही. म्हणून जेवल्या जेवल्या संथ चालण्याचा गुण इतर वेळच्या चालण्यापेक्षा जास्त. आपल्याकडे याला शतपावली म्हणतात आणि आजी ती करायला लावायची. कोलंबिया विद्यापीठात २०२३ साली एक छोटा अभ्यास झाला, माणसं फक्त ११. त्यात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं चालण्याने जेवणानंतरची साखरेची उसळी बरीच खाली आली आणि रक्तदाबही उतरला. अभ्यास छोटा असला तरी सांगतो ते शतपावलीच्या जवळचं आहे.

माझा नेम असा: सव्वा वाजता जेवण, ताट घासायला ठेवून दीडला पॅडवर, वेग २, पंचवीस मिनिटं. त्या वेळात आलेल्या मेल वाचायच्या. पूर्वी अडीचला डोळ्यांवर झापड यायची आणि एकच ओळ तीनदा वाचायला लागायची. ती झापड गेली. पहिल्या महिन्यात मला जाणवलेला बदल हाच. वजनकाटा तेव्हा जागचा हलला नव्हता.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. चालल्याने साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. हातपाय थरथरले, घाम सुटला, गरगरलं तर लगेच थांबा आणि साखर किंवा गूळ तोंडात टाका. माझे वडील चालताना खिशात खडीसाखरेची पुडी ठेवतात.

रोज दहा हजार पावलं झाली पाहिजेत का?

दहा हजार हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ च्या सुमारास, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मीटर’ असा होता. आकडा गोल होता, तो चिकटला. २०१९ साली अमेरिकेत सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. ७,५०० च्या आसपास फायदा सपाट झाला.

ताशी दोन किलोमीटरने तासभर चाललं की साधारण साडेतीन ते चार हजार पावलं होतात. तुमची आत्ता तीन हजार होत असतील तर सहा हजारांवर या. दहा झाली नाहीत म्हणून रात्री अकराला घरभर येरझाऱ्या घालायची गरज नाही.

चालता चालता खरंच काम होतं?

काही कामं होतात, काही अजिबात होत नाहीत. याबाबतीत जाहिराती खोटी आशा लावतात.

वाचन, मेल चाळणं, ट्रेनिंगचे व्हिडिओ, ज्या मीटिंगमध्ये आपण मुख्यतः ऐकायला असतो त्या मीटिंगा, लांबलचक फोन: हे सगळं उत्तम होतं. आकडे भरणं, दोन कागद ताडून पाहणं, माऊसने बारीक जागी क्लिक करणं, हाताने लिहिणं: हे बसूनच करा. २००९ च्या एका अभ्यासात ताशी १.६ किलोमीटरने चालताना कीबोर्ड-माऊसची नाजूक कामं आणि गणितं ६ ते ११ टक्क्यांनी घसरली होती. वाचलेलं समजणं आणि लक्ष यांत मात्र फरक पडला नव्हता. माझा अनुभव तंतोतंत तसाच आहे. सुरुवातीला उत्साहाच्या भरात मी चालताना दाव्याच्या रकमा भरल्या आणि एका रकमेत एक शून्य जास्त पडलं. पडताळणीत ते सापडलं म्हणून निभावलं. तेव्हापासून पैशाचा आकडा आला की पॅड बंद.

वेगाचं म्हणाल तर टाइप करताना १.५ ते २, वाचताना किंवा ऐकताना २.५, कॅमेरा बंद असलेल्या फोनवर ३ पर्यंत. त्यापुढे श्वास माइकमध्ये ऐकू जातो. कॅमेरा चालू असेल तर मान सारखी खालीवर होताना दिसते आणि समोरच्याला ते बघून त्रास होतो. ज्यांच्याशी रोज बोलता त्यांना एकदा सांगून ठेवा. ग्राहकाशी, वरिष्ठांशी, मुलाखतीत चालू नका.

पहिले दोन-तीन दिवस लॅपटॉप समोर ठेवूच नका. नुसतं चाला, १.५ वर, दहा-पंधरा मिनिटं. उतरल्यावर क्षणभर जमीन सरकल्यासारखी वाटते. ते सगळ्यांना होतं आणि काही दिवसांत जातं. उतरताना पट्टा पूर्ण थांबू द्या, टेबल धरा, मग पाय खाली टाका.

त्यासाठी महागडं उंच टेबल घ्यावं लागेल का?

उंची हवी, महाग असायला हवं असं नाही. कोपर काटकोनात आणि खांदे सैल, एवढ्या उंचीवर कीबोर्ड हवा. मोजायचं कसं? पॅडवर उभं राहा, कोपर दुमडा आणि घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायला सांगा. माझी उंची ५ फूट ३ इंच. जमिनीवर उभी असताना कोपर १०० सेंटिमीटरवर येतं, पॅडवर ११२. साधं टेबल असतं ७५ चं. म्हणजे सदतीस सेंटिमीटर, सव्वा फूट कमी पडतं.

मी आधी देवघरातला जुना चौरंग टेबलावर ठेवून पाहिला. तो फूटभराचाच निघाला. पुढचे चार दिवस मान आणि खांद्यांच्या मधली जागा अशी दुखली की हात वर करून केस बांधता येईनात. अडीच इंचांचा फरक इतका छळतो. मग भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून प्लायचा तुकडा आणला आणि सुताराकडून सव्वा फुटाचा भक्कम चौरंगच करून घेतला. खाली रबर लावलं, म्हणजे तो टेबलावरून सरकत नाही. लॅपटॉप त्यावर ठेवला की पडदा खाली राहतो, म्हणून लॅपटॉपखाली जाड पुस्तकं घातली आणि कीबोर्ड-माऊस वेगळे घेतले. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. वेगळा कीबोर्ड हा खर्च मात्र टाळू नका. लॅपटॉपच्या कीबोर्डवर एक तर मान वाकते, नाही तर मनगटं.

खालच्या मजल्यावर आवाज जातो का?

जातो. मोटरचा नाही, पावलांचा. मला वाटत होतं आमचा पॅड अगदी शांत आहे, कारण खोलीत फक्त पंख्याएवढी घरघर ऐकू यायची. दुसऱ्या आठवड्यात खालचे काका वर आले. पंचाहत्तरीचे, दुपारी दोन ते चार झोपणारे. रागावले नव्हते. म्हणाले, ‘बाई, काय चाललंय ते कळत नाही, पण आमच्या कपाटाची मूठ वाजते.’ मी मुलाला पॅडवर चालायला सांगून त्यांच्या घरी गेले आणि पलंगाच्या कडेला बसून ऐकलं. छतातून धप, धप, धप असा एकसारखा ठेका. प्रत्येक धपेला लोखंडी कपाटाची मूठ बारीक ‘टिक’ करायची. माझ्या घरात त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. ती टिकटिक रोज दुपारी पंचवीस मिनिटं ऐकणाऱ्या माणसाने आठवडाभर कळ काढली होती, याचं मला फार वाईट वाटलं.

मग बोहरी आळीतून जाड रबरी चटया आणल्या आणि दोन थर घातले. पॅड खोलीच्या मधोमध होता, तो भिंतीलगत खांबाजवळ हलवला. टाच आपटायची सवय मोडली. मऊ तळव्याचे बूट घातले की ती आपोआप मोडते. परत खाली जाऊन ऐकलं. ठेका अगदी पुसट झाला होता, मूठ गप्प होती. तरीही दोन ते चार या वेळात मी चालत नाही. दुपारची फेरी सव्वादोनपर्यंत जायची, ती पंधरा मिनिटं अलीकडे ओढली आणि जेवण सव्वाला केलं.

तुम्हीही हेच करा: पॅड आला की पहिल्याच दिवशी खालच्यांना सांगा आणि त्यांच्या घरी जाऊन स्वतःच्या कानाने ऐका. पेठांतल्या जुन्या वाड्यात लाकडी तुळयांवरची जमीन असेल तर वरच्या मजल्यावर पॅड ठेवूच नका.

वीज किती जाते? वीज गेली तर?

डब्यावर मोटरची ताकद मोठी लिहिलेली असते. संथ चालताना त्यातली थोडीच वापरली जाते. ३०० वॉट धरले तर रोज दोन तास, महिन्याचे २२ दिवस मिळून १३ युनिट. घरगुती इन्व्हर्टरवर पॅड लावू नका. मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते, आणि वाय-फाय नि लॅपटॉपसाठी राखलेली बॅटरी त्यात संपते. चालताना वीज गेली की पट्टा एकदम थांबतो आणि तोल पुढे जातो, म्हणून समोर धरायला टेबल हवंच. दुरुस्तीसाठी वीज जाणार असा मेसेज आला असेल त्या दिवशी मी जिना वापरते. अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट वापरा, स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड नको.

घेताना काय बघायचं?

वजनाची मर्यादा आधी. तुमच्या वजनापेक्षा किमान वीस किलो जास्तीची घ्या, नाही तर मोटर तापते. मग पट्ट्याची रुंदी: ४० सेंटिमीटरच्या आत असेल तर पाय कडेला घासतात. उंच माणसाने लांबी बघावी. मागचं पाऊल पट्ट्याच्या बाहेर पडता कामा नये. पॅडचं स्वतःचं वजन वीस-पंचवीस किलो असतं, तो रोज कोण उचलणार हे घरात आधी ठरवा. बंद करायचं बटण पॅडवरही हवं, नुसत्या रिमोटवर भिस्त नको.

आणि दुरुस्ती पुण्यात होते का, हे पैसे देण्याआधी फोन करून विचारा. माझा पहिला पॅड पाचव्या महिन्यात बंद पडला. वॉरंटी वर्षाची होती. विकणाऱ्याने सांगितलं, मूळ खोक्यात घालून परराज्यातल्या गोदामात पाठवा, पाठवणी तुमची. खोकं मी रद्दीवाल्याला दिलं होतं. चोवीस किलोचं धूड बांधून पाठवायला जो खर्च सांगितला तो ऐकून मी नाद सोडला. दुसरा पॅड पुण्यातल्या दुकानातून, पाय ठेवून बघून घेतला. थोडा महाग पडला, पण माणूस घरी येऊन बघून जातो. वॉरंटी संपेपर्यंत खोकं माळ्यावर ठेवलं.

देखभाल काय लागते?

पट्ट्याखाली सिलिकॉन तेल, माहितीपत्रकात लिहिलं असेल तितक्या दिवसांनी. पट्टा कडेने उचलून आत हात घाला. बोटांना तेलकटपणा लागला नाही तर वेळ झाली. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंजावर मारायचा फवारा यांतलं काहीही घालू नका, पट्टा खराब होतो. पट्टा डावीकडे सरकत असेल तर मागचा डावीकडचा स्क्रू पाव फेरा आवळा, दोन मिनिटं रिकामा चालवून बघा, मग लागलं तर आणखी पाव. उजवीकडे गेला तर उजवीकडचा. एकदम पूर्ण फेरा देऊ नका. मोटरच्या झाकणाजवळ धूळ आणि केस साठतात, ते आठवड्याला पुसून काढायचे, प्लग काढून.

अनवाणी चाललं तर चालतं का? साडी, गाऊन?

बूट घाला. पट्टा तापतो आणि अनवाणी पायाला घासून फोड येतात. मधुमेहात पायांची जाणीव कमी झाली असेल तर तो फोड कळतच नाही आणि चिघळतो, म्हणून त्यांनी अनवाणी अजिबात चालू नये. चप्पल निसटते. पायघोळ गाऊन, साडी, लोंबती ओढणी, पायजम्याची नाडी यांतलं काही अंगावर असेल तर पॅडवर चढू नका.

घरात लहान मूल आहे, मांजर आहे.

मागच्या टोकाला पट्टा खाली वळतो, तिथे बोट ओढलं जातं. रांगणाऱ्या मुलाला नेमकी तीच जागा हाताशी लागते. मूल खोलीत असताना पॅड चालवू नका. दार लावून घ्या. उतरलात की प्लग काढा आणि रिमोट उंच फडताळावर ठेवा. यात तडजोड नाही.

आईचं वय ७२, तिच्यासाठी घेऊ का?

धरायला दांडा नसलेला पॅड तरी नको. तोल गेला तर पकडायला काही नाही, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडणं फार महागात पडतं. तिला सकाळी बागेत घेऊन जा. तिथे सपाट वाट असते, बसायला बाक असतात आणि बोलायला माणसं असतात. बाहेर पडणं शक्यच नसेल तर दोन्ही बाजूंना दांडे असलेली ट्रेडमिल, तीही घरात कुणी असतानाच.

गुडघे, कंबर, टाच दुखते. गरोदर आहे.

गुडघ्यांना सपाट जागेवरचं संथ चालणं बहुतेकांना मानवतं, पण दुखणं जुनं असेल तर आधी दाखवून या. टाचदुखीत पाच-पाच मिनिटांनी सुरुवात करा, सकाळी उठल्याउठल्या नको. कंबर दुखायला लागली तर आधी टेबलाची उंची तपासा. बहुतेक वेळा आपण पुढे वाकून चालत असतो. चक्कर येण्याचा त्रास, अलीकडे झालेलं ऑपरेशन, हृदयाचं दुखणं आणि गरोदरपण यांत डॉक्टरांच्या होकाराशिवाय नाही.

हातातला बँड पावलं मोजत नाही.

हात कीबोर्डवर स्थिर असतो म्हणून. फोन खिशात ठेवा किंवा बँड घोट्याला बांधा.

दिवसभर चालत राहिलं तर?

नको. दिवसभर उभं राहून किंवा चालून पाय सुजतात, शिरा फुगतात, पोटऱ्या भरून येतात. माझं वेळापत्रक असं: सकाळची स्टँडअप मीटिंग वीस मिनिटं, जेवणानंतर पंचवीस, साडेचारला चहा झाल्यावर अर्धा तास, आणि एखादा लांबलचक फोन आलाच तर तेवढा वेळ. एकूण तास-सव्वा तास. बाकी वेळ बसूनच, पण सलग तासभर नाही.

दोन आठवडे उत्साहाने केलं. आता पॅड पलंगाखाली आहे.

तो पलंगाखाली गेला म्हणूनच चालणं थांबलं. ओढून काढायला लागणारी दोन मिनिटं सगळ्या निश्चयावर भारी पडतात. जागा अडली तरी चालेल, पण पॅड टेबलाखाली पसरून ठेवा आणि खुर्ची दुसरीकडे न्या, म्हणजे बसायलाच उठून जावं लागेल. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असं ठरवू नका, वेळ मिळत नाही. रोज हमखास होणाऱ्या एका गोष्टीला चालणं जोडा. दुपारचं जेवण त्यासाठी सगळ्यात भरवशाचं, कारण ते कुणी चुकवत नाही. पावसाळ्यात याची खरी कसोटी लागते. जून ते सप्टेंबर टेकडीची वाट निसरडी असते, सकाळी पाऊस असला की बाहेर पडणं होत नाही आणि दिवस आणखीच खुर्चीत जातो. त्या चार महिन्यांत मी चहानंतरच्या फेरीचा वेग ताशी ४.५ ठेवते, लॅपटॉप बंद करून. तेवढा अर्धा तास मात्र मी व्यायामाच्या खात्यात धरते.

पॅड न घेता हे जमणार नाही का?

जमेल. आधी महिनाभर असं करून बघा: फोन आला की उठायचं आणि बोलणं संपेपर्यंत हॉल ते गॅलरी फेऱ्या मारायच्या. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवायची नाही, पेला ठेवायचा, म्हणजे भरायला उठावं लागतं. जेवणानंतर सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं, पाऊस असेल तर जिन्यात. प्रत्येक वेळ कागदावर टिपून ठेवा. महिन्याच्या शेवटी कागद बघा. ज्या वेळा पाळल्या गेल्या त्या तशाच चालू ठेवा. ज्या पाळल्या गेल्या नाहीत त्या मीटिंगमुळे की कंटाळ्यामुळे, ते शोधा. मीटिंगमुळे असतील तर पॅडचा उपयोग होईल, तेव्हा टेप घेऊन टेबलाखालची जागा मोजा.